पंचेचाळिशीनंतर टाइमिंग सुधारायचं असेल तर

निदान दोन वर्षं नियमित धावताय, दोन-चार हाफ मॅरेथॉन पदरात आहेत, आणि आता नुसत्या मेडलवर समाधान नाही. वयोगटात वर यायचंय किंवा स्वतःचं जुनं टाइमिंग मोडायचंय. हा मजकूर अशा धावपटूंसाठी आहे. बूट कालच घेतले असतील तर आधी वर्षभर सावकाश धावा, इथलं बरंचसं आज तुमच्या कामाचं नाही.

वयाबरोबर नेमकं काय जातं ते आधी समजून घ्या, कारण सगळा आराखडा त्यावर बसतो. हृदयाचे कमाल ठोके उतरतात. त्याला इलाज नाही. स्नायू घटतात, त्यातही झटक्यात जोर लावणारे तंतू आधी. म्हणून मिनिटाला पडणारी पावलं जवळपास तेवढीच राहतात, पण प्रत्येक पाऊल आखूड होतं. अवघड वर्कआउटनंतर अंग पूर्ववत व्हायला तिशीत एक दिवस पुरत असेल तर आता दोन-तीन लागतात. याउलट तासन्‌तास एका लयीत धावत राहायचा दम बऱ्यापैकी टिकतो. आणि इथेच बहुतेकांची गफलत होते: जे मुळात टिकणारच आहे तेच, म्हणजे लांब आणि संथ धावणं, आणखी वाढवत राहतात, जे निसटतंय त्या वेगाला आणि ताकदीला हातच लावत नाहीत. किलोमीटर वाढले, टाइमिंग तिथेच, अशी तक्रार करणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या डायरीत हेच दिसेल.

कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये टोरंटोत, वयाच्या ७३ व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन धावली. ते रोज दफनभूमीच्या रस्त्यावर दोन-तीन तास संथ धावायचे, हे किस्से ग्रुपवर फार फिरतात. त्याच माणसाच्या दर वर्षी भरपूर छोट्या शर्यती व्हायच्या आणि तिथला त्यांचा वेग संथ नव्हता, हे कोणी सांगत नाही. शिवाय दुखापतींनी त्यांना महिनोन्‌महिने घरी बसवलं होतं. त्यांचे तास उचलू नका.

आधी डॉक्टर

वेगाचं काम सुरू करण्याआधी रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व आणि ईसीजी करून घ्या. स्ट्रेस टेस्ट किंवा टू-डी इको लागेल का, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, मधुमेह असेल किंवा तंबाखूची सवय होती, तर हे आवर्जून सांगा. आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो आणि ‘मी तर हाफ धावतो’ हे काही त्यावरचं कवच नाही. चढावर छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकणारं दुखणं, नेहमीच्या पेसला (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला) अचानक न पेलणारी धाप, गरगरणं: यातलं काहीही झालं तर त्या क्षणी थांबायचं, आणि ‘ॲसिडिटी असेल’ असं स्वतःलाच समजावत घरी बसायचं नाही.

गोळ्या चालू असतील तर त्यांचा धावण्याशी संबंध विचारून घ्या. बीटा ब्लॉकर (रक्तदाबाची-हृदयाची एक गोळी) घेणाऱ्याचे ठोके फारसे वर जात नाहीत, त्यामुळे घड्याळातले ठोक्यांचे झोन त्याच्यासाठी निरुपयोगी. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने काहींचे स्नायू दुखतात. लघवी वाढवणारी गोळी आणि मे महिन्यातली लाँग रन एकत्र आली तर पाणी-क्षारांचा हिशेब बिघडतो. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी हाडांची घनता एकदा डेक्सा स्कॅनने पाहून घ्यावी.

वेग कोणता धरायचा

तरुणपणीचा पेस विसरा. गेल्या दोन महिन्यांतली एखादी १० किलोमीटरची शर्यत, नाहीतर सपाट रस्त्यावर स्वतःच घेतलेली ५ किलोमीटरची चाचणी, हाच आधार. उदाहरण घेऊ: १० किलोमीटर ५५ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ५:३०. अशा धावपटूची सोपी धाव ६:४५ ते ७:१५ हवी, थ्रेशोल्ड (दमवणारा, पण बराच वेळ टिकवता येणारा वेग) ५:३५ ते ५:४५, आणि इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत धावलेले छोटे, वेगवान टप्पे) ५:१० ते ५:२०. सोपी धाव इतकी हळू असते हे पाहून लोकांना अपमान वाटतो. पण किलोमीटरला सहा-सव्वासहा मिनिटांनी धावलं की ना धड विश्रांती होते ना धड वेग वाढतो, आणि बुधवारच्या थ्रेशोल्डला पाय जड पडतात.

ठोक्यांवर जायचं असेल तर ‘२२० वजा वय’ हे सूत्र वयस्कांच्या बाबतीत कमी आकडा देतं. ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ त्यातल्या त्यात बरं. ५५ व्या वर्षी पहिल्याने १६५ येतात, दुसऱ्याने १६९-१७०. तरीही माणसागणिक दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून बोलून पाहणं ही जुनी कसोटी अजून सर्वांत भरवशाची: सोप्या धावेत शेजारच्याला पूर्ण किस्सा सांगता यावा, थ्रेशोल्डला तीन-चार शब्दांपुढे जाता येऊ नये.

ध्येय ठरवताना एज-ग्रेडिंगचा आकडा काढा. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या जगातल्या सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत तुम्ही किती टक्के, असं ते गणित. नेटवर कॅल्क्युलेटर मिळतात. ६० टक्क्यांच्या वर स्थानिक दर्जा, ७० ला प्रादेशिक, ८० ला राष्ट्रीय धरतात. वय ५१ चं ५४ झालं आणि वेळ तेवढीच राहिली, तरी हा आकडा वर जातो. बॉस्टन मॅरेथॉन मनात असेल तर २०२६ च्या शर्यतीसाठी ५० ते ५४ वयोगटाची पात्रता पुरुषांना ३:२० आणि स्त्रियांना ३:५० होती. ५५ ते ५९ ला ३:३० आणि ४:००. अर्ज जास्त आले की मर्यादा त्याहूनही काही मिनिटं खाली येते, तेव्हा काठावरच्या वेळेवर विसंबू नका.

सात दिवसांचा आठवडा पुरत नाही

तरुणांच्या आराखड्यात मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी टेम्पो (थ्रेशोल्डसारखी सलग धाव), रविवारी लाँग रन असते. पन्नाशीत हे तीन आठवडे जमतं, चौथ्या आठवड्यात पोटरी धरते. उपाय म्हणजे तेच काम जास्त दिवसांवर पसरायचं. परदेशात नऊ दिवसांचं चक्र सुचवतात, पण ज्याला ७:१२ ची लोकल पकडायची आहे आणि लाँग रनला फक्त रविवार मोकळा आहे, त्याला ते बसत नाही. म्हणून चौदा दिवसांचं चक्र धरा.

पहिला रविवार: पूर्ण लाँग रन, हाफसाठी १६ ते १८ किलोमीटर. सोमवारी विश्रांती, मंगळवारी ४०-४५ मिनिटं सोपी धाव आणि शेवटी स्ट्राइड (काही सेकंदांच्या वेगवान धावा, पुढे सांगितल्या आहेत). बुधवारी थ्रेशोल्ड. गुरुवारी विश्रांती किंवा सायकल, शुक्रवारी पुन्हा सोपी धाव आणि स्ट्राइड, शनिवारी अर्धा तास किंवा काहीच नाही. दुसरा रविवार: १२ किलोमीटर, चढाच्या रस्त्याने. सोमवार-मंगळवार तसेच. बुधवारी इंटरव्हल. पुढचे दिवस पहिल्या आठवड्यासारखे. म्हणजे चौदा दिवसांत घाम काढणारे दिवस चारच. साठीच्या पुढे असाल तर शनिवार पूर्ण सोडा आणि मंगळवारच्या धावेऐवजी पोहा किंवा सायकल चालवा. हृदयाला फरक कळत नाही, टाचेला कळतो.

दर चौथा आठवडा हलका, एकूण किलोमीटर तीसएक टक्क्यांनी कमी. अंग दुखत नसलं तरी. दुखायला लागल्यावर घेतलेला हलका आठवडा उशिराचा असतो.

रविवारच्या रनिंग ग्रुपबद्दल एक बोललंच पाहिजे. ग्रुपमुळे पहाटे उठणं होतं, अंधारात सोबत असते, केळी-पाणी असतं, सगळं खरं. पण जो तुमच्यापेक्षा किलोमीटरला वीस सेकंदांनी वेगवान आहे त्याच्याशी गप्पा मारत १८ किलोमीटर धावलात, तर तुमची लाँग रन संपली आणि शर्यत झाली. मागच्या फळीत राहायला शिका. धावांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपवर काय दिसेल याची चिंता असेल तर तीन महिने नोंदी खाजगी ठेवा.

वेगाची कामं, आणि ती कुठे करायची

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे स्ट्राइड. सोप्या धावेच्या शेवटी सपाट, मोकळ्या शंभर मीटरच्या पट्ट्यात १५ ते २० सेकंद वेग वाढवत न्यायचा, शेवटचे काही सेकंद जवळजवळ पूर्ण वेगाने पण खांदे-जबडा सैल ठेवून. मग चालत परत. चारपासून सुरू करून सहापर्यंत, आठवड्यातून दोनदा. धाप लागली तर विश्रांती कमी पडली. हे दमाचं काम नव्हे, पाय झटकन उचलण्याची सवय आहे. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक किंवा खारघरचं सेंट्रल पार्क याला चांगलं, मात्र सातच्या आत; नंतर चालणाऱ्यांची गर्दी होते आणि त्यांच्यामधून वाट काढत पळणं दोघांनाही धोक्याचं.

दुसरं काम चढावरचं. पारसिक हिलचा बेलापूरकडून वर जाणारा रस्ता, ठाण्यात उपवनहून येऊरकडे चढणारा घाट, खारघरची टेकडी: तिन्ही उत्तम. वीस मिनिटं सोपं धावून अंग तापवा, मग ८ ते १० सेकंद जोर लावून चढ, दोन मिनिटं चालत उतार. पहिल्या वेळी तीनच. दर वेळी एक वाढवत आठपर्यंत. चढावर जमिनीचा आदळ कमी बसतो आणि पाऊल आपोआप उंच उचललं जातं, म्हणून सपाटीवरच्या स्प्रिंटपेक्षा हे वयस्क पायांना मानवतं. उतार मात्र धावत उतरू नका. मांडीचे स्नायू तिथे फाटतात आणि दोन दिवस जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे. उजाडल्यावर जा, एकट्याने जाऊ नका, आणि कानात इअरफोन नकोत.

थ्रेशोल्ड हे हाफ आणि फुल मॅरेथॉनवाल्यांचं मुख्य काम. सुरुवात तीन वेळा आठ मिनिटं, मध्ये दोन मिनिटं जॉगिंग. सहा-आठ आठवड्यांत तीन वेळा दहा, मग दोन वेळा वीस मिनिटं. पाम बीच मार्ग याला आदर्श वाटतो, वाशीपासून बेलापूरपर्यंत सरळ आणि सपाट. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. पहाटेची भरधाव वाहनं ही एक: मुख्य रस्त्यावर कधीच उतरू नका, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा, अंगावर चमकणारी पट्टी हवीच. दुसरी कमी बोलली जाते. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. सतत एकाच कडेने धावलं की एक पाय कायम खाली पडतो आणि कमरेच्या किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं सुरू होतं. शक्य तिथे कडेची पायवाट धरा, आणि गुडघा कायम एकाच बाजूचा कुरकुरत असेल तर बूट बदलण्याआधी रस्ता बदलून पाहा.

इंटरव्हलमध्ये थेट हजार मीटरला हात घालू नका. आठ वेळा ४०० मीटर, मध्ये ९० सेकंद चालणं-जॉगिंग. तीन-चार चक्रांनंतर सहा वेळा ८००, मग पाच वेळा १०००, मध्ये ४०० मीटर जॉग. पहिला आणि शेवटचा लॅप दोन-तीन सेकंदांच्या फरकात आले पाहिजेत. पहिला झपाट्याने आणि शेवटचा रडतखडत, असं झालं तर त्या दिवशी काम फुकट गेलं.

वॉर्मअप हा तरुणपणी उपचार होता, आता तो वर्कआउटचा भाग आहे. झोपेतून उठून वीस मिनिटांत वेगाने धावणं हे अकिलीस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा) दुखण्याचं मोठं कारण. घरात घोटे फिरवणं आणि पंधरा-वीस टाचा उचलणं, मग पंधरा ते वीस मिनिटं अगदी संथ, पाय पुढे-मागे झुलवणं, दोन स्ट्राइड, आणि मगच घड्याळाचं बटण.

ताकद

वेळ कमी पडला की पहिली काट ताकदीच्या व्यायामावर बसते. काट मारायचीच असेल तर एक सोपी धाव कमी करा. आठवड्यातून दोनदा, ३०-४० मिनिटं. आणि शक्यतो अवघड धावेच्याच दिवशी, संध्याकाळी. म्हणजे विश्रांतीचे दिवस खरोखर विश्रांतीचे राहतात.

सुरुवात पोटरीपासून. पोटरीचा खोल स्नायू, सोलियस, धावताना शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट भार पेलतो आणि वयस्कांच्या निम्म्या तक्रारी गुडघ्याच्या खालच्याच असतात. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवडा ठेवून एका पायावर टाच वर, तीन सेकंद. खाली, तीन सेकंद. १२ चे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा थोडा वाकवून. सोलियसवर खरा भार वाकवल्यावरच येतो. सलग २५ जमले की पाठीवर सॅक घ्या, पाच किलो तांदूळ घालून, मग दहा. आपली सोसायटीची पायरी आणि धान्याची पिशवी, बाकी काही लागत नाही.

त्यानंतर स्क्वॉट किंवा गुडघ्याइतक्या स्टुलावर चढ-उतार, एका पायावर उभं राहून कमरेतून वाकणं, आडवं पडून वरचा पाय उचलणं, प्लँक. जिममध्ये जात असाल तर वजन असं निवडा की सहा ते आठ वेळा उचलल्यावर अजून दोनदा जमलं असतं असं वाटावं. हलकं वजन तीस वेळा उचलून घाम येतो, पण त्याचा आपल्याला उपयोग कमी; दम तर आपण रस्त्यावर कमावतोच. दोन महिने हे झालं की दोरीवरच्या उड्या घाला: २० उड्यांचे तीन संच, हळूहळू ४० पर्यंत. टेंडनची लवचीक उसळी यातूनच परत येते. टाच आधीच दुखत असेल तर उड्या नकोत.

दुखलं तर

शून्य ते दहामध्ये तीनपर्यंतचं दुखणं, धावताना न वाढणारं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत होणारं, चालेल. त्यापुढे नाही. पोटरीत मागून कुणीतरी दगड मारल्यासारखी कळ आली तर बहुधा स्नायू फाटलाय. ‘चालत-चालत मोकळी होईल’ म्हणून उरलेले पाच किलोमीटर ओढू नका, रिक्षा करा. परत धावायचं कधी, याची खूण कॅलेंडरवर नसते: भरभर चालताना दुखत नाही आणि त्या पायावर २५ टाचा उचलता येतात, तेव्हा एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं असं वीस मिनिटं. पोटरीची दुखापत पुन्हा-पुन्हा उलटते ती आठ दिवस लवकर परतल्यामुळे.

नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारल्यावर तिथेच कळ येत असेल, तर हाडाची बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बहुधा दिसत नाही. ‘एक्स-रे क्लिअर आहे’ यावर भरवसा ठेवून धावू नका, एमआरआयबद्दल विचारा. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीला उभं राहणं तर नकोच. घामाने पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

ताट आणि झोप

वय वाढलं की त्याच स्नायूसाठी जास्त प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम धरा. ६५ किलोच्या माणसाला रोज ९० ग्रॅमच्या आसपास, आणि तेही तीन-चार वेळांत विभागून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आता आपला सकाळचा नाश्ता पाहा: रविवारी २० किलोमीटर धावून आल्यावर एक बशी पोहे आणि चहा, म्हणजे पाच-सहा ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात. दोन अंडी १२ ते १३, शंभर ग्रॅम पनीर १८ ते २०, तेवढाच बांगडा १९-२०, पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे पंचवीसच्या पुढे, ग्लासभर दूध आठ, मूठभर शेंगदाणे सात-आठ. पोहे सोडायची गरज नाही. सोबत दोन अंडी आणि दूध, किंवा मोडाची उसळ आणि वाटीभर घट्ट दही घ्या. शाकाहाऱ्यांनी बी-१२ दर वर्षी तपासावं.

झोप सात तासांची. पहाटे साडेचारचा गजर असेल तर रात्री साडेनऊला आडवं व्हायला हवं, आणि ठाणे-सीएसएमटी रोज करणाऱ्याला ते अवघड आहे हे मान्य. मग नियम एवढाच पाळा: सहा तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्या दिवशीचं वेगाचं काम सोपी धाव होईल. सोडलेलं वर्कआउट दुसऱ्या दिवशी ‘भरून’ काढायचं नाही.

आपल्या हवेचं कॅलेंडर

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे सोळा आठवड्यांची तयारी नेमकी ऑक्टोबरच्या तोंडावर सुरू होते, जेव्हा पाऊस गेलेला असतो आणि उकाडा परत आलेला. या महिन्यात पेस पाहू नका, वेळ आणि श्रम पाहा. दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचं माप) २४ अंशांच्या वर गेला की घाम वाळत नाही, ठोके त्याच वेगाला दहा-बारा जास्त पडतात, आणि घड्याळातला पेस पाळायला गेलात तर थ्रेशोल्डचं वर्कआउट नकळत शर्यत होते. किलोमीटरला १५ ते ३० सेकंद सोडून द्या. डिसेंबरात ते व्याजासकट परत मिळतात.

वयाबरोबर तहानेची जाणीवही बोथट होते, म्हणून पाण्याचा हिशेब मोजून करा. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत राहील इतकं प्या, त्यात क्षार हवेत. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पुडीवर लिहिल्याप्रमाणेच. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी घातली की पोट बिघडतं. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पिताय, आणि रक्तातलं सोडियम घटणं हे पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं.

जून ते सप्टेंबर हा आपला पायाभरणीचा काळ: किलोमीटर आणि चढ. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पावसातच असते, सातारा हिल हाफमध्ये यवतेश्वरचा घाट चढावा लागतो. दोन्हींकडे तयारीतली शर्यत म्हणून पाहा. पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ आणि पाण्याखाली झाकलेली चेंबरं यामुळे पावसात वेगाचं काम ट्रॅकवर नाहीतर ट्रेडमिलवर. साचलेल्या पाण्यातून धावू नका. पायाला जखम असताना गेलातच, तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ताप असेल तर धावणं बंद, डेंग्यू-मलेरियानंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. बुटांच्या दोन जोड्या आलटून-पालटून वापरा, ओल्या जोडीत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा.

नोव्हेंबर ते जानेवारी हवा थंड पण धुरकट. पहाटे वरच्या उबदार हवेच्या थराखाली, जमिनीलगतच्या थंड हवेत धूळ-धूर अडकून राहतो. ‘समीर’ ॲपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) बघा. २०० च्या वर असेल तर वेगाचं काम घरात किंवा दुसऱ्या दिवशी. फेब्रुवारी ते मे छोट्या शर्यती, इंटरव्हल आणि ताकद. मेमध्ये लाँग रन दीड तासापुढे नेण्यात काही मिळत नाही.

शर्यत आणि नंतर

हिवाळ्यात दर रविवारी कुठेतरी काहीतरी असतंच. सगळीकडे बिब (छातीवरचा नंबर) लावून पळणारा माणूस कुठेच जोरात पळत नाही. हंगामात दोन मुख्य शर्यती आणि तीन-चार १० किलोमीटरच्या चाचण्या, पुरे.

शेवटचे दोन आठवडे किलोमीटर आधी तीस, मग पन्नास टक्क्यांनी कमी. पण वेग ठेवा, थोड्या संख्येने. पूर्ण थांबलात तर पाय आळसावतात. एनर्जी जेल, खजूर, केळं जे काही शर्यतीत खाणार, ते लाँग रनमध्ये निदान चारदा खाऊन पाहिलेलं असावं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, मध्यम केळ्यात पंचवीसएक असतात. मुंबईच्या फुलमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये येतो, आणि फक्त पाम बीचवर तयारी केलेल्यांना तो तिथे भेटतो. डिसेंबरातल्या तीन लाँग रनचे शेवटचे तीन किलोमीटर पारसिकच्या चढावर संपवा. पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा पाच ते दहा सेकंद हळू. पहाटेच्या गार हवेत ते हास्यास्पद सोपं वाटेल, वाटू द्या.

हाफनंतर दोन आठवडे आणि फुलनंतर चार आठवडे थ्रेशोल्ड-इंटरव्हल नाही. पहिले चार-पाच दिवस नुसतं चालणं, मग एक दिवसाआड अर्धा तास. जिना उतरताना मांड्या दुखेनाशा झाल्या तरी आतली दुरुस्ती चालू असते, त्यामुळे दहाव्या दिवशी अंगात आलेल्या उत्साहाने इंटरव्हलला जाऊ नका. ताकदीचा व्यायाम तिसऱ्या आठवड्यापासून अर्ध्या वजनाने सुरू करा, आणि स्ट्राइडही त्याच आठवड्यात, तीनच.